इंटरसेप्टरचं काम : पार्टचे किती, हाताचे किती

गेल्या हिवाळ्यात माझ्या रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० या मोटरसायकलचं पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये काम करून घेतलं. पुढचे-मागचे शॉकअप, ब्रेकचे होज, एअर फिल्टर, ईसीयूच्या (इंजिनाचं इंधन ठरवणाऱ्या संगणकाच्या) जोडीला लावायचा कंट्रोलर आणि शेवटी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, ट्यूनिंग. बिल झालं १,०९,६७० रुपये. ही गाडी २०१८च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत अडीच लाख होती, म्हणजे रक्कम लहान नाही. यातला कुठला रुपया कुठे गेला ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण पार्टच्या किमती सगळीकडे सापडतात, पण ते बसवणाऱ्या हाताची किंमत कोणी सांगत नाही.

आधी गाडीबद्दल. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ४७ बीएचपी आणि ५२ न्यूटन-मीटर. ताकद मला कधीच कमी पडली नाही. माझा त्रास वेगळा होता. कर्वे रोडच्या गर्दीत दुसऱ्या गिअरला थ्रॉटल किंचित उघडला की गाडी धक्के द्यायची, एकसारखी ओढायची नाही. घाटात वळणावर खड्डा लागला की मागचं चाक उडायचं. आणि उतारावर पुढचा ब्रेक दाबताना लिव्हर थोडं पोकळ लागायचं. वॉरंटीची तीन वर्षं संपली होती, म्हणून आता जे करायचं ते नीट, एकदाच, असं ठरवलं.

पहिल्या ठिकाणी मला एक पॅकेज सांगण्यात आलं. दोन सायलेन्सर, फिल्टर आणि कंट्रोलर मिळून ९५ हजार, 'फिटिंग फ्री'. शॉकअपचं नावही नाही. पार्टचे किती आणि कामाचे किती ते वेगळं लिहून द्या म्हटलं, तर पॅकेज फोडून देत नाही असं उत्तर आलं. फिटिंग फुकट कधीच नसतं. कामगाराचा पगार, जागेचं भाडं, वीज हे कुठून तरी निघायलाच लागतं आणि मग ते पार्टच्या किमतीत शिरतं. त्याचा खरा तोटा पैशांचा नाही. मजुरी दिसत नाही तिथे काम किती तास चाललं हेही दिसत नाही, आणि दुकानदाराचा फायदा काम लवकर उरकण्यात असतो.

मी काम दिलं ते वर्कशॉप शहराबाहेर, भुगावच्या अलीकडे. दोन गाड्या एका वेळी उभ्या राहतील एवढी जागा, एका खोलीत डायनो. मालक चाळिशीतले, त्यांना सगळे दादा म्हणतात. हाताचं काम बहुतेक चाचा करतात, ज्यांची उमर याच कामात गेली आहे. दादांनी मला कोटेशन दिलं त्यात प्रत्येक कामापुढे तास लिहिले होते. तासाला ८०० रुपये. सस्पेन्शनचं काम असो की साधं ऑईल बदलणं, तासाचा दर तोच.

पार्ट मी स्वतः आणले तर चालेल का, असं मी विचारलं. नाना पेठेत चौकशी केली होती, ऑनलाइनही भाव बघून ठेवले होते. दादा म्हणाले, "आणा की ताई. माझा तास तेवढाच राहील. फक्त तुमचा पार्ट बसला नाही, तर परत काढायचा तासही तुमचाच." हे मला रास्त वाटलं. मी हिशेब मांडून बघितला. ऑनलाइन घेतलं तर सगळ्या पार्टवर मिळून पाच-सहा हजार वाचत होते. त्या बदल्यात चुकीचा पार्ट आला तर बदलून घेणं, स्प्रिंग माझ्या वजनाला जमली नाही तर परत पाठवणं, सगळं माझ्या अंगावर. मी पार्ट त्यांच्याकडूनच घेतले. परदेशातून मागवायचा विचार तर लवकरच सोडला, कारण तिथल्या किमतीवर कुरिअर, सीमाशुल्क आणि वरून कुरिअर कंपनीचा हाताळणीचा आकार लागतो. वस्तू दारात येईपर्यंत मूळ किमतीचा मेळ राहत नाही.

एका गोष्टीचा फायदा मात्र वेळेमुळे झाला. २२ सप्टेंबर २०२५पासून दुचाकीच्या पार्टवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. त्याच दिवशी ३५० सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांवर ४० टक्के कर लागला, म्हणजे माझ्यासारखी गाडी नवी घेणाऱ्याला फटका बसला आणि जुनी नीट करणाऱ्याला दिलासा मिळाला. माझ्या पार्टचे करासकट ८१,३५० झाले. जुन्या दराने सुमारे सात हजार जास्त गेले असते. मजुरीवर आधीपासूनच १८ टक्के होते, तिथे फरक पडला नाही.

कामाची सुरुवात नव्या पार्टने झाली नाही. दादांची अटच होती की आधी गाडी आहे तशी तपासायची. त्याचे दोन तास, १,६०० रुपये. चाचांनी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं, हँडल एका बोटाने डावी-उजवीकडे फिरवलं आणि मला म्हणाले, "बेटा, हात लावून बघ." मधोमध हँडल किंचित अडकत होतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा सेट, गेला होता. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बूश ठीक निघाले, चाकांच्या बेअरिंगही ठीक. कोनसेट खराब असताना महागडे शॉकअप बसवून काय उपयोग? हँडल सरळ रेषेत अडकणारच, आणि मग दोष नव्या स्प्रिंगला जाणार. टेपर रोलरचा सेट १,९५० रुपयांचा. एकटा बदलायचा तर त्याला तीन तास लागतात, कारण पुढचे शॉकअप उतरवावे लागतात. ते उतरणारच होते, म्हणून दीड तासच लावला. कामं एकत्र केली की मजुरी कशी खाली येते ते इथे नेमकं दिसलं. तीच कामं मी वर्षभरात एकेक करून घेतली असती तर पुढचे शॉकअप पुन्हा पुन्हा उतरले असते आणि प्रत्येक वेळी तास लागले असते.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा भाग यांच्यातली फट. इंजिनाला सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह, म्हणजे आठ. गाडी रात्रभर तिथे ठेवली, कारण टॅपेट थंड इंजिनावरच बघायचे. स्क्रू आणि लॉकनटची साधी रचना आहे, शिम (पातळ चकत्या) बदलायची भानगड नाही. तीन टॅपेट घट्ट निघाले. त्यानंतर इंजिनात हवा सोडणाऱ्या दोन थ्रॉटल बॉडी व्हॅक्युम गेज लावून एकमेकींशी जुळवल्या. एक सिलिंडर दुसऱ्यापेक्षा थोडी जास्त हवा ओढत होता. सगळं मिळून तीन तास, २,४०० रुपये, आणि गॅस्केट वगैरेचे ६००.

गाडी बाहेर काढून मी जवळच्या रस्त्यावर फिरवून आणली तेव्हा दुसऱ्या गिअरमधले धक्के निम्म्याहून कमी झाले होते. तीन हजार रुपयांत. कंट्रोलर अजून डब्यातच होता. दादांनी पहिला डायनो रन मुद्दाम याच्यानंतर ठेवला. आधी ठेवला असता तर टॅपेट आणि थ्रॉटल बॉडी जुळवून जे मिळालं तेही कंट्रोलरच्या खात्यावर लागलं असतं, आणि आलेखावरची वाढ जास्त दिसली असती. विकणाऱ्या माणसाने स्वतःहून असं करणं माझ्या दृष्टीने त्या वर्कशॉपची सगळ्यात मोठी खूण होती.

आता शॉकअप. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण पैसेही इथेच सर्वांत जास्त सार्थकी लागले.

इंटरसेप्टरचे पुढचे शॉकअप ४१ मिलिमीटरचे, ११० मिलिमीटर चाल. आत साधी डॅम्पर रॉडची रचना. म्हणजे तेल ठराविक भोकांतून जातं आणि तेच झटक्याला रोखतं. या रचनेची अडचण भौतिकशास्त्रातली आहे. भोकातून तेल दुप्पट वेगाने ढकललं तर विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. त्यामुळे ब्रेक दाबताना, जिथे शॉकअप सावकाश दबतो, तिथे विरोध अपुरा पडतो आणि नाक खाली जातं. खड्ड्यात चाक जोरात वर येतं तेव्हा तोच विरोध इतका वाढतो की धक्का थेट मनगटात. जाड तेल घातलं तर पहिलं सुधारतं आणि दुसरं बिघडतं. पातळ घातलं तर उलट.

यावर उपाय म्हणजे रॉडवर बसणारा एक झडपेचा पार्ट, ज्याला इम्युलेटर म्हणतात. रॉडची भोकं मोठी करून रॉडचा विरोध काढून टाकायचा, आणि तेलाला या झडपेतून जायला लावायचं. सावकाश हालचालीत तेल झडपेच्या बारीक छिद्रातून जातं. खड्ड्याचा फटका बसला की स्प्रिंगवर बसलेली झडप उघडते आणि तेलाला मोठी वाट मिळते. नव्या स्प्रिंगसकट हा किट थाई कंपनी वायएसएसचा घेतला, १५,२०० रुपये. तेल आणि नवे सील २,१००.

मजुरी पाच तास, ४,००० रुपये. हा आकडा कोटेशनमध्ये वाचला तेव्हा जास्त वाटला होता, पण मी तिथे बसून सगळं बघितलं. रॉड काढून भोसरीला लेथवर गेले, कारण भोकं ठरलेल्या मापाची आणि एकाही काठाला कोर (धातूची धारदार कड) न राहणारी हवीत. हाताच्या ड्रिलने पाडलेल्या भोकाची कोर तेलात धातूचा चुरा सोडते. तिथेच स्प्रिंगवर बसणारे स्पेसर माझ्या वजनाच्या हिशेबाने कापून घेतले. लेथवाल्यांचे ९००. परत आल्यावर चाचांनी सगळे भाग केरोसीनने धुतले, सुकवले, हातात घेऊन उजेडात फिरवून बघितले. तेल मापाने नाही, उंचीने भरायचं असतं. स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, आणि वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. जास्त झालेलं तेल चाचा सिरिंजने ओढून काढत होते. शॉकअपच्या दोन्ही पायांत एक मिलिमीटरचाही फरक नको. हवेचे बुडबुडे निघेपर्यंत दांडा वरखाली करायचा, मग पुन्हा मोजायचं. घाई करणारा मिस्त्री हे काम दोन तासांत उरकू शकतो आणि बाहेरून काहीच कळणार नाही.

मागच्या बाजूला फिटिंग सोपं आहे. जुने दोन काढायचे, नवे दोन लावायचे, एक तास, ८०० रुपये. अवघड होती ती निवड. हेल्मेट, जॅकेट, बूट घालून माझं वजन ७४ किलो होतं. मागच्या चाकाची चाल मुळात फक्त ८८ मिलिमीटर. दादांनी मला सगळं अंगावर चढवून गाडीवर बसवलं, एकाने गाडी धरली, दुसऱ्याने मोजलं. स्प्रिंगचा ताण सगळ्यात खालच्या खाचेवर असतानाही मी बसल्यावर मागची बाजू जेमतेम १५ मिलिमीटर खाली जात होती. चालीच्या तीस टक्क्यांच्या आसपास खाली जायला हवी. म्हणजे जुनी स्प्रिंग माझ्यासाठी कडक होती, आणि उडणाऱ्या चाकाचं कारण तेच. नव्या जोडीसोबत नेहमी येणारी स्प्रिंगही माझ्यापेक्षा बऱ्याच वजनदार माणसाच्या हिशेबाची असते. दादांनी वितरकाकडून हलक्या स्प्रिंगची जोडी मागवली. थांबावं लागलं, पण किंमत तीच राहिली, २१,५००. बसवल्यावर पुन्हा मोजलं तर २६ मिलिमीटर.

बायकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं. मोठ्या गाड्यांचं सस्पेन्शन आपल्या वजनाचा विचार करून बनलेलं नसतं. 'ही गाडी बायकांना झेपत नाही' असं जे सहज बोललं जातं, त्यात बऱ्याचदा दोष चुकीच्या स्प्रिंगचा असतो.

शॉकअपचं सगळं मिळून करासकट साडेपंचेचाळीस हजार. याउलट ब्रेकचं काम लवकर सांगून होईल. पुढे एकच ३२० मिलिमीटरची डिस्क, कॅलिपर बायब्रेचे. ते चांगलेच आहेत, त्यांना हात लावला नाही. रबरी होज दाबाखाली किंचित फुगतात, म्हणून स्टीलच्या जाळीचे होज घेतले. एबीएस असल्यामुळे लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरपासून मॉड्युलेटरपर्यंत (एबीएसचा दाब सांभाळणाऱ्या भागापर्यंत) एक आणि तिथून कॅलिपरपर्यंत एक, असे पुढेमागे मिळून चार लागतात. त्यांचे ६,४००, पुढचे पॅड २,३००, डॉट ४ ऑईल ५००. तीन तास मजुरी. एबीएसच्या गाडीत होज बदलताना मॉड्युलेटर कोरडा पडू द्यायचा नसतो, नाहीतर आत अडकलेली हवा काढायला स्कॅनर जोडून त्याचा पंप चालवावा लागतो. चाचांनी एकेक जोड सोडून लगेच बंद केला, तांब्याचे वायसर सगळे नवे टाकले आणि शेवटी टॉर्क पान्याने घट्ट केले. लिव्हरमधली पोकळी गेली.

मग ताकदीचं काम, ज्याच्यासाठी बहुतेक लोक वर्कशॉपची पायरी चढतात.

डायनोवर मागचं चाक रोलरवर ठेवून गाडी पट्ट्यांनी बांधतात, समोर मोठा पंखा, सायलेन्सरच्या तोंडात सेन्सर. पहिल्या रनला मागच्या चाकावर ४१.३ बीएचपी आली. कंपनीचे ४७ क्रँकवरचे, म्हणजे इंजिनातून निघतानाचे आहेत. गिअरबॉक्स, चेन आणि टायर मिळून उरलेली खातात, त्यात काही गैर नाही. एका डायनोचा आकडा दुसऱ्या डायनोच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नसतो. तीच मशीन, तीच टायरची हवा, इंजिन तेवढंच तापलेलं, तरच आधी-नंतरची तुलना खरी. या तपासणीच्या रनचे ३,०००.

मी नेहमी जिथे भरते त्याच पंपावरचं पेट्रोल टाकीत घेऊन या, असं दादांनी बजावलं होतं. आता पंपावर सर्रास ई-२० मिळतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल मिसळलेलं इंधन जास्त सोडावं लागतं. सावकाश चालताना गाडीचा ऑक्सिजन सेन्सर हे स्वतः सांभाळून घेतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडला की ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो. माझ्या गाडीत तिथे मिश्रण पातळ पडत होतं. प्रदूषणाचे निकष पाळण्यासाठी कंपन्या मिश्रण तसंही पातळ ठेवतात, त्यात इथेनॉलची भर.

बंगळुरूला बनणारा पिगीबॅक, म्हणजे ईसीयूच्या जोडीला बसणारा, कंट्रोलर २४,०००, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर ६,८००, दोन्ही बसवायला दीड तास. ट्यूनिंगचे ६,५००. लॅपटॉप जोडून दादांनी आरपीएम आणि थ्रॉटलच्या एकेका घरात इंधन आणि स्पार्कची वेळ थोडी थोडी बदलत नेली. गाडी गरम झाली की थांबायचं, पंखा चालू ठेवायचा, मग पुढे. सेन्सरच्या ताब्यातला सावकाश चालण्याचा भाग त्यांनी जवळजवळ जसाच्या तसा ठेवला, म्हणजे अ‍ॅव्हरेज फारसं उतरणार नाही आणि पीयूसी बिघडणार नाही. शेवटच्या रनला ४४.२ बीएचपी.

२.९ बीएचपीची वाढ, आणि तिचा खर्च डायनो आणि कर धरून ४३,४२६. एका बीएचपीला जवळजवळ १५ हजार पडले. केवळ वेगासाठी कोणी विचारलं तर मी हे काम करा असं सांगणार नाही. मला हवा होता तो बदल तीन ते पाच हजार आरपीएमच्या मधला, आणि तो मिळाला. आलेखातली तिथली खोलगट जागा भरून निघाली. आता चौथ्या गिअरमध्येच गाडी चढ घेते, गिअर खाली टाकावा लागत नाही. हेच काम डायनोशिवाय, तयार मॅप (इंधनाचा आधीच बनवलेला तक्ता) टाकून, साडेसहा हजार वाचवून होऊ शकलं असतं. पण तयार मॅप कोणत्या पेट्रोलवर, कोणत्या फिल्टरसोबत, किती उंचीवरच्या शहरात बनला ते माहीत नसतं. २४ हजारांची वस्तू घेऊन तिच्या ट्यूनिंगवर काटकसर करणं मला पटलं नाही. १०० ऑक्टेनचं पेट्रोल वापरावं का, असंही मी विचारलं होतं. लिटरला दीडशेच्या वर मोजावे लागतात. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ९.५ आहे, त्याला ते लागत नाही, एवढं सांगून दादांनी तो खर्च वाचवला.

सायलेन्सर मी बदलला नाही. जोडीचे २४-२५ हजार, वरून फिटिंग आणि पुन्हा ट्यूनिंग. पण पैसे हे दुय्यम कारण होतं. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे आणि बाजारातले बहुतेक सायलेन्सर केवळ मोठ्या आवाजासाठीच विकले जातात. आमच्या सोसायटीत रात्रपाळीहून येणारे लोक आहेत, तान्ही मुलं आहेत. शिवाय मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचं कलम त्याहून वेगळं, तिथे पहिल्याच गुन्ह्याला १०,०००पर्यंत दंड आहे. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोड रोलर फिरवल्याचे फोटो आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत नेहमी येतात.

सिलिंडर मोठे करून ८६५ सीसी करण्याचे किट परदेशात मिळतात, त्याचीही मी चौकशी केली. दादांनी कोटेशनच दिलं नाही. खर्च तर कित्येक पट आहेच, क्लचपासून इंजेक्टरपर्यंत सगळं वाढवावं लागतं. पण मुळात इंजिनाची क्षमता आरसीवर लिहिलेली असते, आणि आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल कलम ५२ करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथे ठेवील.

विम्यावरून आठवलं. काम संपल्यावर मी बिलाची प्रत जोडून विमा कंपनीला ईमेल केला, शॉकअप, होज, फिल्टर, कंट्रोलर सगळं नावानिशी लिहून. त्यांची पोच जपून ठेवली आहे. नवी पीयूसीही लगेच काढली, गाडी पास झाली. या दोन गोष्टींना खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि त्या केल्याशिवाय वर्कशॉपमधून गाडी आणण्यात मला स्वस्थता वाटली नसती.

एकूण बिलात मजुरी १७ तासांची, १३,६००. डायनोचे ९,५००, लेथचे ९००. कर धरून हे २८,३२० होतात, म्हणजे एकूण रकमेच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. घासाघीस करायला मन होतं ते नेमकं याच आकड्यावर, कारण पार्टवर छापील किंमत असते आणि मजुरीवर नसते. मी मजुरीत एक रुपयाही कमी करायला सांगितलं नाही. दोन्ही पायांतलं तेल पुन्हा मोजायचं की एवढं चालतंय म्हणून सोडून द्यायचं, हे ठरवण्याची मोकळीक चाचांना त्या पाच तासांमुळे मिळाली. तीन तासांचे पैसे दिले असते तर मला तीन तासांचंच काम मिळालं असतं, आणि तक्रार करायला मला तोंड राहिलं नसतं.

काम झाल्यावर महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटात गेले. वळणात ब्रेक धरून शिरलं तरी नाक एकदम खाली जात नाही. मधेच उखडलेला डांबराचा तुकडा आला तर मागचं चाक त्याच्यावरून जातं आणि जमिनीला धरूनच राहतं. पूर्वी पोलादपूरला पोचेपर्यंत मनगटं भरून यायची, ते थांबलं. अ‍ॅव्हरेज २७चं २५ झालं. जास्त इंधन सोडतोय म्हटल्यावर ते होणारच होतं.

पुढचे खर्च आताच लिहून ठेवले आहेत. फिल्टर धुऊन तेल लावायचं किट एकदाच घ्यावं लागेल, ते काम घरी होतं. पुढच्या शॉकअपचं तेल दोन पावसाळ्यांनंतर बदलायचं. दादांनी त्याचे तीन तास सांगितले आहेत, कारण रॉड पुन्हा काढावे लागणार नाहीत. पुढचा स्प्रॉकेट १५ दातांचा आहे, तो १६चा करायचा आहे. हायवेला इंजिन थोडं शांत चालेल. पण आत्ताची चेन अजून चांगली आहे आणि जुन्या चेनवर नवा स्प्रॉकेट चढवला तर दोन्ही लवकर झिजतात. चेन संपली की पूर्ण सेट एकदम बदलेन.